गावातील लहान कलादालनाची फेरमांडणी: भिंतीवर काय ठेवावे आणि काय उतरवावे?

प्रश्न (ब्रह्मपुरी तालुका, जिल्हा चंद्रपूर)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात सार्वजनिक वाचनालयाला लागून असलेल्या खोलीत गेली नऊ वर्षे एक लहान कलादालन आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. खोली तीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद असून वर कवेलूचे छप्पर आहे. भिंती मातीच्या असून त्यांना चुन्याचा गिलावा आहे. दोन खिडक्या पश्चिमेला आणि एक पूर्वेला उघडते. दालनात ६१ फ्रेम केलेली चित्रे, तान्ह्या पोळ्याचे १४ लाकडी बैल, गावातील बुरूड कारागिरांनी केलेली बांबूची सुपे व टोपल्या, एक करवतकाठी कोसा साडी आणि झाडीपट्टीच्या नाटकातला एक रंगवलेला पडदा एवढा संग्रह आहे. पडदा मात्र पहिल्या दिवसापासून पेटीत घडी करून ठेवलेला आहे, कारण त्याला लागणारी भिंत आम्ही कधी मोकळी केलीच नाही.

यातले काहीही विकत घेतलेले नाही. कोणी वडिलांच्या आठवणीसाठी दिले, कोणी मुलाने रेखाकलेच्या परीक्षेची तयारी करताना काढलेले चित्र फ्रेम करून आणून दिले. जे आले ते आम्ही आनंदाने लावत गेलो आणि त्यामुळे भिंतीवर आता वीतभरही जागा उरलेली नाही.

दिवाळीनंतर माझी बालमैत्रीण चार दिवस मदतीला आली. आम्ही दोघी दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलो. पुढे ती नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकली आणि प्रदर्शनांच्या मांडणीचे काम करू लागली. पहिल्या दिवशी तिने एकाही वस्तूला हात लावला नाही. दाराजवळ खुर्ची टाकून ती दिवसभर येणाऱ्यांकडे पाहत बसली. संध्याकाळी तिने सांगितले की आलेला प्रत्येक जण आपल्या घरच्या चित्रापर्यंत सरळ चालत जातो, ते पाहतो आणि तसाच परत फिरतो, आणि उत्तरेच्या भिंतीसमोर तर दिवसभरात कोणीच थांबले नाही. नऊ वर्षे रोज त्या खोलीत असूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व चित्रे उतरवून सतरंज्यांवर पसरली. तेव्हा जे दिसले त्याचे दुःख मला अजून आहे. गावातील एका दिवंगत शिक्षकांनी जलरंगात काढलेले तलावाचे चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर होते. फ्रेम उघडली तेव्हा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी गडद निळी होती आणि बाकीचे सारे आभाळ राखाडी झालेले होते. ते चित्र असेच फिकट असावे, अशी माझी आजवर समजूत होती. त्या शिक्षकांची मुलगी आमच्याच गावात राहते.

मैत्रिणीचे मत असे आहे की एका वेळी २२ चित्रेच भिंतीवर असावीत, बाकीची पेटीत ठेवून दर चार महिन्यांनी बदलावीत, आणि बैल व बांबूकाम वेगळ्या कोपऱ्यात हलवावे. मोकळ्या भिंतीवर तिने २२ चित्रे लावून दाखवली तेव्हा प्रत्येक चित्र मला पहिल्यांदाच दिसल्यासारखे वाटले. परंतु तिसऱ्या दिवशी एक आजोबा आले, भिंतीकडे पाहून थबकले आणि म्हणाले, ‘माझ्या नातीचं चित्र काहून उतरवलं? चांगलं नव्हतं का ते?’ मला उत्तर देता आले नाही. मैत्रीण परत गेली आहे आणि ३९ चित्रे अजून सतरंजीवर आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेली चित्रे उतरवावीत का, उतरवल्यास कशी सांभाळावीत, आणि मातीच्या भिंतीवर वारंवार बदल करायचा असेल तर चित्रे टांगावीत कशी, याविषयी अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (अमरावती, निवृत्त कलाशिक्षक)

ताई, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या बोटभर निळ्या पट्टीत आहे, म्हणून मी प्रकाशापासून सुरुवात करतो.

प्रकाशाने रंगाची होणारी हानी साठत जाते आणि ती कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. संग्रहालयांमध्ये जलरंगातील चित्रे, कागद आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) अधिक प्रकाश पडू देत नाहीत, आणि तैलचित्रांसाठी ही मर्यादा साधारण २०० लक्स मानली जाते. दुपारच्या थेट उन्हात हाच आकडा एक लाख लक्सच्या आसपास जातो. यावरून पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीने नऊ वर्षांत काय केले असेल, याची कल्पना येते. काचेमुळे चित्र सुरक्षित राहते ही समजूत पुष्कळांची असते, परंतु साधी काच धूळ आणि हात यांपासून वाचवते, दृश्य प्रकाश मात्र ती जवळजवळ पूर्ण आत सोडते.

आता त्या आजोबांना काय सांगायचे ते पाहा. जे चित्र वर्षातून चारच महिने भिंतीवर राहील, त्याला वर्षभर टांगलेल्या चित्राच्या एक तृतीयांश प्रकाश लागेल. नातीचे चित्र उतरवले ते तिची मुलगी मोठी होईपर्यंत त्यातला लाल रंग लालच राहावा म्हणून, हे उत्तर खरे आहे आणि ते आजोबांना नक्की समजेल. शक्य झाल्यास त्या शिक्षकांचे चित्र फ्रेमबाहेर काढून ती निळी पट्टी त्यांना प्रत्यक्ष दाखवावी. आपल्याकडे जुनी लुगडी घडीच्या आत गडद आणि बाहेर फिकट झालेली प्रत्येक घरात पाहिलेली असतात, त्यामुळे हे कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही.

पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांना जाड खादीचे दुहेरी पडदे लावावेत आणि पाहणारे कोणी नसेल तेव्हा झडपा बंद ठेवाव्यात. कागदावरची चित्रे आणि कोसा साडी त्या खिडक्यांच्या समोरच्या भिंतीवर कधीच ठेवू नयेत. तेथे मातीच्या व लाकडाच्या वस्तू चालतील, मात्र रंगवलेले लाकूड नको. दिवे एलईडीचे असावेत, कारण त्यांतून अतिनील किरण जवळपास येत नाहीत आणि उष्णताही कमी असते.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जुलैपासून हवा ओलसर होते. या दोन टोकांमुळे कागद आक्रसतो व फुगतो आणि लाटा धरतो. हवेतील आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत बाहेरच्या भिंतींवर कागदाची चित्रे टांगू नयेत. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचा अर्धा इंच जाडीचा तुकडा चिकटवावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळती राहते. चित्र काचेला टेकलेले नसावे, कारण दमट हवेत छायाचित्र तर काचेला असे चिकटते की पुन्हा सुटत नाही. माउंट असतो तो केवळ शोभेसाठी नव्हे, हे अंतर राखणे हे त्याचे खरे काम आहे.

पेटीत ठेवायची चित्रे आम्लविरहित कागदात गुंडाळावीत. तो नागपुरात मिळतो. वर्तमानपत्राचा कागद कधीही वापरू नये, कारण तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. पेटी लोखंडी असावी, जमिनीपासून निदान सहा इंच उंच व भिंतीपासून दूर असावी, कारण वाळवी मातीच्या भिंतीतूनच चढते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा झाल्यास सुकवून मलमलच्या पुरचुंडीत ठेवावा आणि तो चित्राला लागू देऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटी बंद करून विसरू नये. दर महिन्याला एकदा उघडून पाहणे हे कोणत्याही औषधापेक्षा अधिक उपयोगी पडते.

प्रतिसाद २ (गोंदिया जिल्हा, सुतारकाम)

मातीच्या भिंतीत वारंवार खिळे ठोकले तर गिलावा सुटतो आणि जड फ्रेम एखाद्या रात्री खाली येते. यावर सोपा उपाय असा की खोलीच्या चारही बाजूंनी जमिनीपासून सात फुटांवर सागाची तीन इंच रुंद पट्टी बसवावी. ही पट्टी मातीत न अडकवता छपराच्या खांबांना आणि चौकटींना स्क्रूने पक्की करावी. तिच्या वरच्या कडेला खाच ठेवली की आकडा त्यात सरकवता येतो आणि आकड्याला साखळी किंवा जाड तार बांधून चित्र हवे तेथे टांगता येते. त्यानंतर दर चार महिन्यांनी मांडणी बदलली तरी भिंतीला एकही नवे भोक पडणार नाही. प्रत्येक फ्रेमला दोन आकडे लावावेत, कारण एका आकड्यावरचे चित्र दार आपटले तरी तिरपे होते.

उंचीविषयी सांगायचे तर शहरातील दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण चार फूट दहा इंचांवर ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या दालनात शाळेतील मुले अधिक येत असतील आणि म्हाताऱ्या बाया खाली बसून पाहत असतील, तर चार फूट चार इंच योग्य होईल. टांगण्याआधी प्रत्येक फ्रेमच्या मापाचा जुना कागद कापून तो भिंतीवर चिकटवून पाहावा आणि एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी डोळ्याला जे खटकेल ते हलवावे. कागद हलवायला कष्ट पडत नाहीत, फ्रेम हलवायला दोन माणसे लागतात.

बांबूच्या वस्तूंविषयी एक सूचना करतो. खाली पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर आत कीड आहे असे समजून ती वस्तू त्याच दिवशी वेगळी काढावी, नाहीतर ती शेजारच्या लाकडी बैलांतही शिरू शकते. बांबूत पिष्ट असते आणि कीड त्यासाठीच येते. नवीन वस्तू घेताना पावसाळा संपल्यावर तोडलेल्या आणि बोरिक आम्ल व बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेल्या बांबूची मागावी. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच चिचपल्लीला बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे याची नीट माहिती मिळेल.

प्रतिसाद ३ (वर्धा)

आपल्या मैत्रिणीचे निरीक्षण मोलाचे आहे आणि एक पूर्ण दिवस नुसते पाहण्यात घालवण्याची त्यांची रीत तर प्रत्येक लहान संग्रहालयाने उचलावी अशी आहे. तरीही बैल आणि बांबूकाम वेगळ्या कोपऱ्यात हलवण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही.

भोपाळमध्ये १९८२ साली भारत भवन उभे राहिले तेव्हा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तेथील रूपंकर दालनात आदिवासी व लोककलाकारांच्या कृती शहरांतील आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने ठेवल्या. त्याच काळात पाटणगढ या खेड्यातील जनगढसिंह श्याम या तरुण परधान गोंड कलाकाराची चित्रे भारतभर आणि पुढे परदेशातही पोहोचली. ‘कला’ एका भिंतीवर आणि ‘हस्तकला’ दुसऱ्या कोपऱ्यात अशी विभागणी तेथेही केली असती, तर पाहणाऱ्यांनी ती चित्रे कोणत्या डोळ्यांनी पाहिली असती, याचा विचार व्हावा. आमच्या वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. गांधीजींनी १९३८ साली त्याचे उद्घाटन केले आणि ते ग्रामोद्योगांसाठीच उभारलेले आहे. तेथे चरखा आणि त्यावरचे सूत एकत्र पाहताना हात आणि वस्तू यांचे नाते जसे समजते, तसे आपल्या दालनातही समजावे. जलरंगात रंगवलेल्या धानाच्या बांधीखाली ते धान पाखडण्याचे सूप ठेवले तर दोन्ही अधिक बोलके होतील.

बैलांसाठी काचेचे कपाट नको. जमिनीपासून फूटभर उंचीचा लांब लाकडी ओटा करावा आणि त्यावर चौदाही बैल एका रांगेत, दाराकडे तोंड करून उभे करावेत. लाकडी बैल हा विदर्भातील मुलांचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले तो सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ व पैसे, मागतात. ज्या कुटुंबांनी बैल दिले आहेत त्यांच्या मुलांना त्या एका दिवसासाठी, वहीत नोंद करून, ते बाहेर नेऊ द्यावेत अशी माझी विनंती आहे. चाक मोडले तर ते पुन्हा बसवता येईल.

निवडीबद्दलही एक म्हणणे आहे. कोणती २२ चित्रे आधी लागावीत हे फक्त आपल्या मैत्रिणीने ठरवले, म्हणून आजोबांना ती परीक्षा वाटली. चार महिन्यांच्या तीन फेऱ्यांत ६६ जागा होतात आणि आपल्याकडे ६१ चित्रे आहेत. म्हणजे प्रत्येक चित्र वर्षातून एकदा लागणारच आहे आणि नव्या चित्रांसाठी पाच जागा शिल्लक राहतात. हे तीन फेऱ्यांचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावावे, म्हणजे आपल्या घरचे चित्र कोणत्या महिन्यात लागेल हे प्रत्येकाला वाचता येईल. कोणत्या फेरीत कोणती चित्रे एकत्र शोभतील हे मात्र आपल्या मैत्रिणीलाच ठरवू द्यावे, कारण ते काम नजरेचे आहे आणि ती नजर त्यांच्याकडे आहे.

प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचे नाव असावे, सुपाखालीसुद्धा. ‘बांबूचे सूप’ एवढेच लिहिले तर ते विणणारी बाई आपल्याच गावात असूनही तिची आठवण कोणाला होणार नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी दिलेल्या सविस्तर उत्तरांबद्दल मी मनापासून आभारी आहे. काय केले ते कळवते.

वाचनालयाच्या ओट्यावर रविवारी सकाळी आम्ही चित्रे देणाऱ्या सर्व कुटुंबांना बोलावले. सरांनी सुचवल्याप्रमाणे तलावाचे चित्र फ्रेममधून काढून सर्वांच्या हाती दिले, परंतु त्याआधी ते शिक्षकांच्या मुलीला एकटीला दाखवले होते आणि तिची परवानगी घेतली होती. ती बराच वेळ त्या निळ्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. बाबा तलावावर जाऊन बसत तेव्हा पहाटेचे आभाळ याच रंगाचे असायचे, असे तिने सांगितले. बैठकीत कोणीही विरोध केला नाही. त्या आजोबांनी नातीचे चित्र उन्हाळ्याच्या सुट्टीच्या फेरीत ठेवावे असे सुचवले, कारण नात पुण्याहून तेव्हाच गावी येते. त्यानंतर आणखी आठ कुटुंबांनी आपापले महिने सांगितले आणि वेळापत्रक तेथेच तयार झाले.

मैत्रिणीला बैलांविषयीचे म्हणणे फोनवर वाचून दाखवले. तिने ते मान्य केले. मात्र तिने एक अट घातली की ओट्यासमोर निदान पाच फूट मोकळी जागा हवी, नाहीतर मुले दाटीवाटीने उभी राहतील आणि मागच्यांना काहीच दिसणार नाही. सागाच्या पट्टीचे काम गावातील सुतारांनी सुरू केले आहे.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. शिक्षकांच्या मुलीची इच्छा आहे की माउंटमधली मोकळी जागा थोडी मोठी कापून निळी पट्टीही दिसेल अशी फ्रेम करावी आणि ते चित्र कायम भिंतीवर ठेवावे. दुसरी गोष्ट पडद्याची. राजवाड्याचे दृश्य असलेला हा पडदा सोळा फूट रुंद आहे आणि उत्तरेची अठरा फुटांची भिंत आम्ही त्यासाठी मोकळी केली आहे. पेटीतून काढल्यावर घड्यांच्या रेषांवर रंग सुटू लागल्याचे दिसले, म्हणून पुढे काहीही करण्याआधी विचारते.

प्रतिसाद १ (अमरावती, निवृत्त कलाशिक्षक)

ताई, निळी पट्टी उघडी ठेवली तर तीही काही वर्षांत राखाडी होईल, आणि मग त्या पहाटेच्या रंगाचा कोणताच पुरावा उरणार नाही. त्यांच्या मुलीला हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. चित्र एका फेरीसाठी, सर्वांत कमी प्रकाशाच्या भिंतीवर, पट्टी दिसेल अशा माउंटमध्ये जरूर लावावे. त्याआधी दिवसाच्या सौम्य प्रकाशात, सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून त्याचे चांगले छायाचित्र काढून घ्यावे आणि नंतर कायमस्वरूपी ते छायाचित्रच लावावे. ते फिकट झाले तर पुन्हा छापता येईल.

पडद्याची घडी पुन्हा घालू नये. सध्या तो सतरंजीवर सपाट पसरून ठेवावा. रंग पाण्यात विरघळणारा असण्याची शक्यता बरीच असल्याने ओले फडके लावू नये आणि घड्या काढण्यासाठी इस्त्रीही फिरवू नये. ठेवण्यासाठी निदान आठ इंच व्यासाचा पाइप घ्यावा, त्यावर आम्लविरहित कागद गुंडाळावा आणि पडदा रंगाची बाजू बाहेर येईल अशा रीतीने गुंडाळावा. आत रंग ठेवून गुंडाळल्यास तो दाबला जाऊन सुटतो. टांगताना वरच्या कडेला पूर्ण सोळा फुटांची लाकडी पट्टी असावी, म्हणजे भार एका ठिकाणी येणार नाही. वर्षभर मात्र टांगू नये. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचे, दिवस आणि नाटकांचा हंगाम असेल तेवढे आठवडे तो भिंतीवर असावा, कारण तेव्हाच तो ओळखणारी माणसे गावात येतात.

प्रश्नकर्ती

सर, पडदा आज दुपारी चौघांनी मिळून पसरवला आहे आणि त्या खोलीला कुलूप लावले आहे. पाइप ब्रह्मपुरीहून आणायला सांगितला आहे. छायाचित्राबद्दल शिक्षकांच्या मुलीशी बोलले. ती तयार आहे. मैत्रीण शनिवारी कॅमेरा घेऊन येत आहे आणि त्या दोघी पहाटे तलावावर जाऊन आभाळाचेही एक छायाचित्र घेणार आहेत.